बाटल्या धुणारा पोरगा

गेल्या शनिवारी रात्री भाचीचा फोन आला. बाईसाहेब बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहेत आणि सुट्टीत पुण्यातल्या एका पेशीजीवशास्त्राच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून जाताहेत. आवाजावरूनच कळलं की स्वारी वैतागलेली आहे.

"मामा, तीन आठवडे झाले. सकाळी फ्लास्क धुवायचे, मग ऑटोक्लेव्ह लावायचा, दुपारी मीडिया बनवायचा आणि मग संध्याकाळपर्यंत पेशी मोजायच्या. काचेवरच्या चौकोनात निळ्या किती, बिनरंगाच्या किती. निळ्या म्हणजे मेलेल्या. आकडे वहीत लिहायचे, ताईला द्यायचे. ती ते कुठे नेते, काय करते, मला काही माहीत नाही. यात रिसर्च कुठेय?"

मी आपलं मामा लोक देतात ते उत्तर दिलं. म्हटलं, सुरुवातीला असंच असतं गं, होईल हळूहळू. ती "हं" म्हणाली. त्या "हं"चा अर्थ मला चांगला कळतो, कारण वीस वर्षांपूर्वी मीही तसाच "हं" कुणाला तरी ऐकवला होता.

फोन ठेवल्यावर चुकचुकत राहिलं. मग आठवली ती एका खोलीची गोष्ट. त्या खोलीत बाटल्या धुण्यासाठी ठेवलेल्या एका कॉलेजच्या पोराने आणि रात्रभर आकडेमोड करणाऱ्या दुसऱ्या एका पोराने जीवशास्त्राचं अख्खं पुस्तक बदलून टाकलं होतं. तिला फोनवर सांगायला जमलं नाही म्हणून इथे लिहितोय. तुम्हीही वाचा.

तर मंडळी, साल १९१०. न्यूयॉर्कमधलं कोलंबिया विद्यापीठ, शेर्मरहॉर्न हॉल, खोली नंबर ६१३. लांबी-रुंदी २३ फूट बाय १६ फूट. म्हणजे आपल्या टू बीएचके फ्लॅटच्या हॉलपेक्षा थोडी मोठी. त्यात आठ टेबलं कोंबलेली. कोपऱ्यात केळ्यांचा घड टांगलेला आणि जिकडे बघावं तिकडे अर्ध्या पाइंटच्या दुधाच्या बाटल्या. बाटल्यांमध्ये फळमाश्या, ड्रॉसोफिला. (आंबा दोन दिवस ओट्यावर राहिला की भोवती घोंगावतात ना, त्यांच्याच जातकुळीतल्या.) या बाटल्या विद्यापीठाच्या कँटीनमधून आणि लोकांच्या दारांतून 'उचललेल्या' असायच्या, असं सांगतात. खोलीचं नावच पडलं 'फ्लाय रूम'. आपण माशीखोली म्हणू.

खोलीचे मालक होते प्रोफेसर थॉमस हंट मॉर्गन. गंमत म्हणजे तोवर मॉर्गनसाहेबांचा मेंडेलवर विश्वास नव्हता, आणि आनुवंशिक गुण पेशीतल्या गुणसूत्रांवर बसलेले असतात या कल्पनेवर तर त्याहून नव्हता. हाडाचा प्रयोगवाला माणूस. दाखवा, मग मानतो, ही वृत्ती. त्याच विभागात एडमंड विल्सन होते, पेशींच्या अभ्यासातलं त्या काळातलं सर्वांत मोठं नाव. ते आणि त्यांचे विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघत होते आणि वारसा इथेच असणार असं म्हणत होते. पण 'असणार' आणि 'आहे' यांच्यात फरक असतो. प्रॉडक्शनमध्ये बग कुठे 'असणार' हे सगळ्यांनाच माहीत असतं, तसं आहे हे.

१९१० साली मॉर्गनला एका बाटलीत पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. या माशीचे डोळे एरवी लाल. त्या नराची पुढची पिलावळ मोजल्यावर दिसलं की पांढरे डोळे आणि लिंग यांचा वारसा एकमेकांना चिकटून चालतो. झालं, साहेब पाघळले आणि माश्यांची मोजणी सुरू झाली. मोजणी म्हणजे काय, तर बाटलीतल्या माश्यांना इथर देऊन बेशुद्ध करायचं, पांढऱ्या पृष्ठभागावर ओतायचं, भिंगातून एकेक बघायची, बाजूला सारायची आणि आकडा लिहायचा. दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार. की पुन्हा मोजा. भाचीबाई, ओळखीचं वाटतंय का काही?

आता ती दोन पोरं.

१९०९ साली मॉर्गनने प्राणीशास्त्राच्या अगदी प्राथमिक वर्गाला सुरुवातीची व्याख्यानं दिली. कोलंबियातल्या आपल्या २४ वर्षांत त्यांनी हे एकदाच केलं. आणि नेमके त्याच वर्गात बसले होते आल्फ्रेड स्टर्टेव्हंट आणि कॅल्व्हिन ब्रिजेस.

स्टर्टेव्हंट अलाबामातल्या शेतावर वाढलेला. वडिलांकडे घोडे होते, आणि या पठ्ठ्याला घोड्यांच्या वंशावळी काढायचा नाद. सोळाव्या वर्षी तो कोलंबियात आला आणि न्यूयॉर्कला शिकवणाऱ्या मोठ्या भावाकडे राहू लागला. भाऊ भाषांचा माणूस, पण त्याने याला आनुवंशिकतेवर वाचायला लावलं. वाचता वाचता याच्या लक्षात आलं की घोड्यांचे रंग मेंडेलच्या नियमात बसतात. त्याने निबंध लिहिला आणि थेट मॉर्गनला नेऊन दाखवला. मॉर्गन म्हणाले, छापून टाक. १९१० साली तो छापला, आणि त्याच वर्षी पोराला माशीखोलीत टेबल मिळालं. हा अजून पदवीधरही नव्हता बरं का! वर रंगांध. जिथे दिवसभर डोळ्यांचे रंग बघायचे, तिथे रंगांध माणूस!

ब्रिजेसची कथा वेगळी. दोन-तीन वर्षांचा असतानाच आई-वडील दोघेही गेले. आजीने वाढवलं. शाळा रखडत झाली, ती संपेपर्यंत विशी आली. शिष्यवृत्तीवर कोलंबियात आला, पण खिशात पैसे नाहीत, म्हणून काम हवं होतं. मॉर्गनने दिलं: माश्यांच्या बाटल्या धुवायच्या. कुजकं केळं, मेलेल्या माश्या आणि अळ्या खरवडून काढायच्या आणि बाटली चकाचक करायची. बस्स.

आणि मग ती प्रसिद्ध गोष्ट. धुवायला आलेल्या एका बाटलीच्या जाड काचेतून, नुसत्या डोळ्यांनी, ब्रिजेसला एक माशी दिसली. तिचे डोळे नेहमीच्या गडद लाल रंगाचे नव्हते. शेंदरी होते. अगदी मारुतीच्या शेंदरासारखे झगझगीत. लाल आणि शेंदरी यांतला फरक, दोन-तीन मिलिमीटरच्या माशीच्या डोळ्यात, दुधाच्या बाटलीच्या काचेतून! बाकीचे हातात भिंग घेऊन बघत होते. ब्रिजेस लगेच धुण्यावरून बघण्यावर आला. पुढे या खोलीत सापडलेल्या बदलांपैकी कितीतरी त्याच्याच नजरेने टिपले.

इथे क्षणभर थांबू या. ती बाटली साबणाच्या पाण्यात गेली असती तर कुणाला काही कळलं असतं का? ब्रिजेसने ती धुतली असती तरी त्याचं काम चोखच झालं असतं. कुणी विचारलं नसतं.

आता दुसरा पोरगा. १९११ सालच्या अखेरच्या महिन्यांतली गोष्ट. तोवर डोळ्यांचे, पंखांचे, अंगाच्या रंगाचे असे बरेच गुण सापडले होते, आणि त्यांतले काही एकाच गुणसूत्रावर, एक्सवर, बसलेत असं दिसत होतं. पण कधीकधी जोडीने जायला हवेत असे दोन गुण पुढच्या पिढीत वेगळे झालेले आढळायचे. मॉर्गनचं म्हणणं असं की मादीच्या दोन एक्स गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होते, आणि दोन जनुकं जितकी लांब तितकी ती वेगळी होण्याची शक्यता जास्त.

याला आगगाडीचं उदाहरण घेऊ. शेजारच्या दोन रुळांवर दोन सारख्या गाड्या उभ्या आहेत. कुणीतरी दोन्ही गाड्या एकाच जागी तोडतं आणि मागचे डबे अदलाबदल करून जोडतं. तुम्ही आणि तुमचा मित्र शेजारच्या डब्यात असाल तर ताटातूट व्हायची शक्यता कमी. तो इंजिनाजवळ आणि तुम्ही गार्डाच्या डब्याजवळ असाल तर शक्यता भरपूर.

मॉर्गनशी गप्पा मारताना स्टर्टेव्हंटच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. किती वेळा ताटातूट होते हे जर मोजून ठेवलंय, तर उलटं गणित करून कोण कुठल्या डब्यात बसलाय हे काढता येईल की! आकडे घेऊन तो घरी गेला. कॉलेजचा होमवर्क बाजूला ठेवला आणि रात्रीचा बराचसा भाग जागून जगातला पहिला जनुकीय नकाशा काढला. वय सुमारे वीस.

१९१३ साली तो छापला तेव्हाचे आकडे देतो, कारण मला ते फार आवडतात. पिवळं अंग आणि पांढरे डोळे: २१,७३६ माश्यांपैकी २१४ मध्ये ताटातूट, म्हणजे १ टक्का. पांढरे डोळे आणि शेंदरी डोळे: १,५८४ पैकी ४७१, म्हणजे २९.७ टक्के. शेंदरी डोळे आणि छोटे पंख: ५७३ पैकी १७, म्हणजे ३ टक्के. शेंदरी डोळे आणि खुरटे पंख: ४०५ पैकी १०९, म्हणजे २६.९ टक्के. आता मांडा एका रेषेवर. पिवळं अंग ०, पांढरे डोळे १, शेंदरी ३०.७, छोटे पंख ३३.७, खुरटे पंख ५७.६. झाला नकाशा!

आपण प्रोग्रामर लोक, लगेच विचारणार, टेस्ट केलं का? केलं. पांढरे डोळे ते छोटे पंख हे अंतर बेरजेने येतं ३२.७. प्रत्यक्ष ६,११६ माश्या मोजून आलं ३३.७. वा! पण पिवळं अंग ते खुरटे पंख, म्हणजे दोन टोकं? नकाशा म्हणतो ५७.६ आणि प्रत्यक्ष मोजणी म्हणते ३७.६. तब्बल वीसचा फरक. टेस्ट फेल.

इथे माझ्यासारख्याने नकाशा फाडून टाकला असता. पोरगं डगमगलं नाही. त्याचं म्हणणं असं की लांबच्या अंतरात गाडी दोनदा तुटू शकते. मधलेच डबे बदलले आणि इंजिन नि गार्ड पुन्हा एकाच गाडीत, तर बाहेरून बघणाऱ्याला काही घडलंच नाही असं वाटतं. म्हणून लांबची मोजणी नेहमी कमी भरते. जवळजवळची अंतरं मोजा आणि बेरीज करा. नकाशा टिकला. त्या पाच जागांचा क्रम आजही तोच आहे, अंतरंही साधारण तीच.

आणि ते २१,७३६? ती प्रत्येक माशी कुणीतरी बाटलीतून ओतून, भिंगाखाली धरून, बघून, वहीत लिहिली होती. एकट्या स्टर्टेव्हंटने नाही, खोलीतल्या अनेकांनी. त्याचं श्रेय हे की त्याने तो ढीग एका रात्रीपुरता घरी नेला. आणि नेऊ दिला, हे मॉर्गनचं.

ब्रिजेसकडे परत येऊ. नजर तीक्ष्ण असली की नियम मोडणाऱ्या गोष्टी फार दिसतात. पांढऱ्या डोळ्यांची आई आणि लाल डोळ्यांचा बाप असेल तर नियमाप्रमाणे सगळे मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे, सगळ्या मुली लाल. पण हजार-दोन हजारांत एखादी मुलगी पांढऱ्या डोळ्यांची निघायची, एखादा मुलगा लाल. कुणीही म्हटलं असतं, बाटलीत बाहेरची माशी शिरली असेल, सोडून दे. ब्रिजेसने सोडलं नाही. त्याने तर्क केला की आईची दोन एक्स गुणसूत्रं अंडं बनताना कधीतरी सुटी होतच नसावीत. दोन्ही एकाच अंड्यात जातात, आणि दुसऱ्या अंड्यात एकही नाही. मग त्या विचित्र पांढऱ्या मुलींच्या पेशीत दोन एक्स आणि एक वाय सापडायला हवं. (माश्यांत असा जीव मादीच असतो.) त्याने पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. दोन एक्स, एक वाय. डोळ्यांसमोर.

आता 'असणार'चं 'आहे' झालं होतं. गुणांचा वारसा चुकतो तिथेच, तसाच, गुणसूत्रांचा वारसाही चुकतो. १९१६ साली 'जेनेटिक्स' नावाचं नवं नियतकालिक निघालं, त्याच्या पहिल्या अंकातला पहिला लेख हाच, ब्रिजेसचा प्रबंध. पण 'जेनेटिक्स' हा शब्दच ज्यांनी रूढ केला त्या इंग्लंडच्या विल्यम बेटसन यांना गुणसूत्रांचं हे प्रकरण पटत नव्हतं. १९२१ च्या डिसेंबरमध्ये ते अमेरिकेत आले असता माशीखोलीत गेले. तिथे ब्रिजेसने त्यांना आपल्या काचपट्ट्या दाखवल्या. त्यानंतर टोरांटोच्या सभेत बेटसननी जाहीरपणे माघार घेतली. दहा-अकरा वर्षांपूर्वी बाटल्या धुणाऱ्या माणसाने दाखवलेल्या काचपट्ट्या!

इथवर गोष्ट फार गोड आहे. पण अर्धीच सांगितली तर भाचीला फसवल्यासारखं होईल.

माशीखोलीचं वातावरण मोकळं होतं, कल्पना कुणाची याची फिकीर कुणी करत नसे, असं स्टर्टेव्हंटने नंतर लिहिलंय. १९१५ साली या मंडळींचं गाजलेलं पुस्तक निघालं, त्यावर मॉर्गन, स्टर्टेव्हंट, मुलर आणि ब्रिजेस अशी चौघांची नावं होती. पण त्यातलाच हर्मन मुलर आयुष्यभर म्हणत राहिला की आपल्या कल्पनांचं श्रेय नीट मिळालं नाही. ज्याला टेबल मिळालं त्याला खोली मोकळी वाटते. जो जरा उशिरा येतो, दाराजवळ उभा असतो, त्याला तसं वाटेलच असं नाही.

आणि काहींना तर दारच वेगळं होतं. कोलंबियाच्या ज्या कॉलेजातून ही पोरं आली, तिथे मुलींना प्रवेश मिळायला १९८३ साल उजाडलं. माशीखोलीत बायका होत्याच. माश्यांची सुंदर चित्रं काढणाऱ्या ईडिथ वॉलेस होत्या. फीबी रीड मॉर्गनच्या लॅबमध्ये तंत्रसहायक होत्या, पुढे त्यांचं स्टर्टेव्हंटशी लग्न झालं. आणि खुद्द मॉर्गनच्या पत्नी लिलियन. चार मुलं मोठी झाल्यावर त्या पुन्हा प्रयोगांकडे वळल्या, आणि दोन एक्स एकमेकांना कायमची चिकटलेली माशी त्यांनी शोधली. १९२२ साली निबंध छापला. पुढे कितीतरी वर्षं जगभरच्या लॅबमध्ये त्या माश्या वापरल्या गेल्या. बाईंना अधिकृत पद मिळालं १९४६ साली, नवरा वारल्यानंतर.

ब्रिजेसचं काय? १९२८ साली मॉर्गन कॅलिफोर्नियाला, कॅलटेकला गेले तेव्हा दोघांनाही बरोबर नेलं. स्टर्टेव्हंट तिथे प्राध्यापक झाला. ब्रिजेस शेवटपर्यंत कार्नेगी संस्थेच्या पगारावरचा संशोधकच राहिला आणि १९३८ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी, हृदयविकाराने गेला. १९३३ चं नोबेल एकट्या मॉर्गनना मिळालं. त्यांनी बक्षिसाची रक्कम स्वतःच्या, स्टर्टेव्हंटच्या आणि ब्रिजेसच्या मुलांमध्ये वाटून दिली. हे वाचून कुणाच्या डोळ्यांत पाणी येईल, कुणी म्हणेल पैसे वाटले पण पदक नाही वाटलं. मला दोन्ही पटतं.

असो. हे सगळं मला आत्ताच का टोचतंय, तेही सांगतो.

आमच्या टीममध्ये दरवर्षी दोन-तीन नवी पोरं यायची. रोज सकाळी त्यांचं पहिलं काम म्हणजे रात्री फेल झालेल्या टेस्टचे लॉग वाचायचे आणि वर्गवारी करायची. डोकं बधीर करणारं काम. मी स्वतः वर्षभर केलंय, आणि तेव्हा मला "होईल हळूहळू" म्हणणारा साहेब मनातून मुळीच आवडत नसे. गेल्या महिन्यापासून ते काम एक एआय टूल करतं. चांगलं करतं, खोटं कशाला बोलू. त्या बदलाला मंजुरी देणारी मेल मीच लिहिली. यंदा नवी पोरं घ्यायची का, यावर मीटिंग आहे, आणि कागदावर उत्तर सरळ दिसतंय: त्यांना द्यायला कामच नाही.

पण लॉग वाचतानाच मला आमची ती सिस्टिम कळली होती. कुठली एरर नेहमीची लाल आणि कुठली शेंदरी, हे कुठल्या डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं नव्हतं. बाटल्या धुवायला यंत्र आणलं याचं वाईट वाटायचं कारण नाही. ब्रिजेसलाही ते आवडलं असतं, कारण त्या खोलीत नवनवी उपकरणं आणण्याचा सोस त्यालाच सगळ्यांत जास्त होता. प्रश्न एवढाच आहे की बाटल्या गेल्या म्हणून पोराला खोलीत यायचं कारणच उरलं नाही, तर पुढचा ब्रिजेस कुठून आत शिरणार?

उत्तर माझ्याकडे नाही. मीटिंगमध्ये मात्र एक गोष्ट मांडणार आहे: दोन पोरं घेऊ या. टूलने वर्गवारी केलेले लॉग त्यांना द्या आणि टूल कुठे चुकलं ते शोधायला सांगा. आणि आकड्यांचा सगळा ढीग त्यांना उघडा ठेवा. मान्य होईल की नाही, बघू.

आणि भाचीबाई, तुला मात्र "होईल हळूहळू" आता म्हणत नाही. होईल असं काही नसतं. एखाद्या लॅबमध्ये चार वर्षं फ्लास्क धुऊनही काही होत नाही, अशी माणसं मी पाहिलीत. चूक त्यांची नव्हती, त्यांना कुणी विचारलंच नाही. तू सोमवारी ताईकडे जा आणि सांग की मी मोजलेले तीन आठवड्यांचे आकडे मला एका रात्रीपुरते घरी न्यायचेत, आणि या पेशी आपण का मोजतोय ते मला समजावून सांग. ती हो म्हणाली तर तू बऱ्या खोलीत आहेस. नाही म्हणाली तर मला फोन कर, आपण दुसरी खोली शोधू.

आणि फ्लास्क धुताना काचेतून बघत जा. कुठला तरी शेंदरी असेल.